कड्यावरची काविळीची मुळी

पानाच्या पाठीवर, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, अर्ध्या मिलिमीटरची लव होती. वरची बाजू मात्र गुळगुळीत. भिंगातून मी ती दोनदा पाहिली. हीच ती वनस्पती. पण गेल्या वर्षी ज्या उतारावरून आम्ही पोतंभर नेली होती, तिथे आज हे एकच रोप उभं होतं.

१९८४ च्या नोव्हेंबरात आम्ही पुण्याहून निघालो ते तिच्या चार किलो मुळांसाठी. खडकवासला, पानशेत मागे टाकत एस.टी.ने शेवटच्या थांब्यापर्यंत, तिथून दोन तास पायी. आम्ही म्हणजे माझे मार्गदर्शक डॉ. मोडक आणि त्यांची संशोधन सहायक, मी, श्यामला. वाटाड्या होता सोनबा, कड्यांवरचा मध काढणारा. त्याची आई बायडाबाई या मुळीचा काढा काविळीवर द्यायची. तिच्याकडूनच आम्हाला मुळी कळली होती.

प्रयोगशाळेत आम्ही पांढऱ्या उंदरांना यकृत बिघडवणारं विष दिलं होतं: शेंगदाण्याच्या तेलात मिसळलेलं कार्बन टेट्राक्लोराइड. नुसतं विष मिळालेल्या उंदरांची यकृतं खराब झाली. आधी मुळीचा अर्क मिळालेल्यांची बरीचशी शाबूत राहिली. आता मुळातलं नेमकं कोणतं द्रव्य हे करतं, ते वेगळं काढायचं होतं. सर मार्चमध्ये निवृत्त होणार होते. वीस वर्षांत अकरा वनस्पती तपासून त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं. ही बारावी. तिच्यावरचा शोधनिबंध टंकलेखनाला द्यायचा तेवढा बाकी होता.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती, जी त्यांना नव्हती. नुसत्या विषाच्या गटाला मी विष सोमवारी दिलं, अर्काच्या गटाला मंगळवारी, त्याच बाटलीतून. मंगळवारी सकाळी बाटलीचं बूच तिरकं बसलेलं दिसलं. ते विष हवेत उडून जातं. रात्रभरात किती उडालं असेल? कदाचित नगण्य. किंवा कदाचित उंदीर मुळीमुळे वाचलेच नव्हते. त्यांना विषच कमी मिळालं होतं. मी वहीत ती नोंद केली नाही. त्यानंतर सात महिने रोज ठरवत होते, उद्या सांगायचं.

"तुमीच न्हेली की समदी," सोनबा रिकाम्या उताराकडे बघत म्हणाला. "आता हाय ती कड्याच्या कपारीत."

"छान!" सर म्हणाले. "एकोणसाठाव्या वर्षी कडा तेवढा राहिला होता."

कपारीच्या माथ्यावर पोचायला एक घसरडी घळ ओलांडावी लागली. पावसाळ्यात वाहून आलेली बारीक दगडमाती तीव्र उतारावर नुसती टेकून राहिली होती. सोनबा अनवाणी, सहज पार झाला. मी त्याच्या पावलांवर पाऊल ठेवत गेले. मागून सर. अर्ध्यावर त्यांच्या पायाखालची माती सुटली! सर बसकण मारून घसरू लागले. पाच फूट. दहा फूट. सोनबाने भिरकावलेली दोरी त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि ते थांबले. त्यांच्या बाजूने सुटलेले दगड मात्र खाली बराच वेळ वाजत राहिले.

वर आल्यावर त्यांनी चष्मा पुसला. "बाई, हा भाग निबंधात 'साहित्य आणि पद्धती'मध्ये घाला."

मी हसले नाही.

माथ्यावर वारा पडला होता. खाली दरीत धुकं विरत होतं आणि समोरच्या डोंगराच्या सोंडा एकामागून एक उघड्या पडत होत्या. सोनबाने दोरी एका जुन्या अंजनीच्या बुंध्याला बांधली, दुसरं टोक कमरेला. कपार चाळीस फूट खाली होती आणि तिच्या डाव्या अंगाला कड्याला आग्या मोहोळ लटकत होतं.

"वारं न्हाय तंवर उतरतो. हिसका दिला की वढा."

दोरी हळूहळू सुटत गेली. सोनबा कपारीवर टेकला. आणि त्याच वेळी एका शिकारी पक्ष्याने मोहोळावर झडप घातली!

काळा लोट उठला. दोरीला हिसका! पुन्हा हिसका! आम्ही ओढू लागलो. तळहात सोलले. सर पाय रोवून मागे झुकले. सोनबाचं डोकं कडेवर दिसलं, मी त्याच्यावर घोंगडी टाकली आणि तिघेही कारवीच्या झुडपांत पालथे पडलो. डोक्यावरून तो आवाज कितीतरी वेळ फिरत राहिला. मग हळूहळू विरला.

मी जाड कागदाच्या कडेने त्याच्या मानेतून, दंडातून काटे खरवडून काढले. सतरा. त्याची एक पापणी सुजून मिटली होती. मुठीत मात्र एक रोप होतं, मुळासकट.

"मुळी हाय, लई हाय," तो म्हणाला. "पर कोपऱ्याच्या पल्याड. दोरी तिथवर वळत न्हाय. सोडून जावं लागंल. माश्या बसल्या की जातो."

"एका डोळ्याने?" सर म्हणाले. "दोरीशिवाय?"

"सायब, माझा भाऊ पिवळा पडून गेला. तवा आई परगावी व्हती, मुळी कुणालाच ठावं न्हवती. ताईंनी तर तपासून बघितलंय. उंदीर वाचलं, उद्या माणसं वाचत्याल. मग जायला नगं?"

सरांनी कड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना ती मुळं हवी होती. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. "आकडे तुमचे आहेत, बाई. आपण सांगा. एवढी जोखीम घेण्याजोगी आहेत का मुळं?"

सोनबा उठून कमरेच्या दोरीची गाठ पुन्हा आवळायला लागला होता.

"थांब सोनबा," मी म्हणाले. "उंदीर मुळीने वाचले की नाही, मला माहीत नाही."

मग मी सांगितलं. सोमवार, मंगळवार, तिरकं बूच, वहीतली न केलेली नोंद. माझा आवाज एखादा अहवाल वाचावा तसा सपाट येत होता.

सर माझ्याकडे वळले. म्हणाले, "हे सांगायला सात महिने आणि एक कडा लागला?"

"हो, सर."

"आणि आता?"

"प्रयोगशाळेत सव्वाशे ग्रॅम मुळी शिल्लक आहे. तेवढ्यात प्रयोग पुन्हा होतो, दोन्ही गट एकाच दिवशी, ताज्या विषावर. तोवर निबंध जाणार नाही, सर. आणि सोनबाही खाली जाणार नाही."