समुद्राचं सुतक

पाण्यात पाय बुडवला, तर पोटऱ्यांना घासून मासे जायचे. आणि ताटात मात्र डब्यातला मासा! तोही दूरच्या देशातून जहाजाने आलेला, खारट आणि बेचव. वाइहेरे बेटावर आल्यापासून मला हे कोडं काही सुटत नव्हतं.

माझे आजोबा, डॉ. काशिनाथ तांडेल, मूळचे हर्णैचे. मासे मोजणं हा त्यांचा धंदा. पॅसिफिक महासागरातल्या बेटांभोवतीचे मासे आटत चालले होते. ते पुन्हा कसे वाढतील, हे शोधायला त्यांना इथे बोलावलं होतं आणि शाळेला सुट्टी म्हणून मी मागे लागून आले होते. सोबत बोंबील. बोंबील म्हणजे आमचा यंत्रमानव. पाण्याखाली मासे मोजतो, पाण्याबाहेर इथली भाषा मराठीत सांगतो आणि दोन्हीकडे नको तेवढं बोलतो.

"लगूनमध्ये (प्रवाळांच्या भिंतीआडच्या उथळ पाण्यात) मासे वर्षभरात दुपटीहून जास्त झाले," त्याने जाहीर केलं. "एकही जाळं पडलेलं नाही. कारण, राहुई."

"राहुई म्हणजे बंदी," आजोबा खूश झाले. "शर्वरी, अगं, आपल्याकडे पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग समुद्रात जातात ना? बरेच मासे त्या दिवसांत अंडी घालतात. तसंच हे. शहाणी माणसं आहेत."

"पण एवढ्यात इतके वाढतात?"

आजोबांनी आईने दिलेला बेसनलाडवांचा डबा उघडला. एक मोठा लाडू घेतला, दुसरा त्याच्या निम्म्या उंचीचा वळला. "या मोठ्यात असे लहान किती मावतील?"

"दोन."

"वळून बघ."

मी मोडला, वळत गेले. आठ झाले! मी चाटच पडले.

"उंची दुप्पट, लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट. दोन दुणे चार, चार दुणे आठ. दुप्पट लांबीच्या मादीचं अंग आठपट असतं, आणि अंडी बऱ्याचदा त्याहूनही जास्त. पण जाळ्यात आधी जातात त्या मोठ्या माद्याच. त्या वाचल्या, की समुद्र भरायला लागतो."

दुसऱ्या दिवशी आजोबांनी गावाच्या सभाघरात मोठ्या उत्साहाने आलेख दाखवला. "मासे तयार आहेत! राहुई उठवायला आता हरकत नाही." बोंबीलने ते जसंच्या तसं सांगितलं.

सगळे खाली बघू लागले. पुढच्या चटईवरची माझ्याच वयाची एक मुलगी उठली आणि बाहेर निघून गेली.

"ती तेहानी," गावच्या प्रमुख माहिना आजी म्हणाल्या. "ही राहुई माशांसाठी नाही, डॉक्टर. तिचा बाप आरी गेल्या वर्षी खिंडीत बुडाला. प्रवाळांच्या भिंतीत जिथे फट आहे, तिथे. सापडला नाही. समुद्राने माणूस घेतलं, की तो आमच्यासाठी तापू होतो (पवित्र, म्हणून हात न लावण्याजोगा). ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्यानेच तो पुन्हा उघडायचा. तेहानीला आई नाही. उघड, असं तिला आजवर कोणीही म्हटलेलं नाही."

आजोबांचा चेहरा पडला. "सुतक," ते मला हळूच म्हणाले. "समुद्राला सुतक आहे, आणि मी आलेख घेऊन नाचलो."

तेहानी किनाऱ्यावर पालथ्या होडीला टेकून बसली होती. आजोबा तिच्याजवळ वाळूत बसले, बोंबील आणि मी त्यांच्या मागे. "माझं चुकलं, पोरी."

तिने होडीवरची वाळू हाताने झाडली. मग म्हणाली, "समुद्र उघडला, की सगळे म्हणतील, आरी गेला. अजून कोणी म्हणत नाही." मग गावाकडे बघून म्हणाली, "पण म्हाताऱ्यांना डबे खाववत नाहीत. मला दिसतं ते."

मला रडूच आलं. माझे बाबा रोज संध्याकाळी फोन करायचे आणि मी कंटाळून तो लवकर ठेवायचे.

"तुमचं यंत्र खिंडीत गेलं होतं?" तिने विचारलं. "काय दिसलं?"

"मासे," बोंबील म्हणाला. पहिल्यांदाच कमी बोलला. "मोठ्या माद्या तिथे जमतात. अंडी सोडतात."

"तिथेच का?"

"ओहोटीचं पाणी खिंडीतून बाहेर जातं," आजोबा म्हणाले. "त्याच्याबरोबर अंडी मोआनात (खुल्या, खोल समुद्रात) जातात. तिथे त्यांना खाणारी तोंडं कमी. बरीच मरतात. काही पिल्लं दुसऱ्या बेटांना लागतात, काही इथे परत येतात."

"बाबांना त्याच पाण्याने नेलं."

आजोबांना गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. "हो. त्याच पाण्याने."

"पण बाबा परत येणार नाहीत."

"नाही, बाळा."

तेहानी आजोबांच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडली. माहिना आजी मागे येऊन उभ्या होत्या. नंतर त्यांनी सांगितलं, की वर्षभरात ती पहिल्यांदाच रडली.

सकाळी ती कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. सगळा गाव काठावर.

"लगून उघडं," ती म्हणाली. "खिंड नाही. तिथे कोणीही, कधीही जाळं टाकायचं नाही. ती माझ्या बाबांची."

माहिना आजींनी मान डोलावली. आजोबांनी माझा हात घट्ट धरला. "सगळा समुद्र बंद ठेवावा लागत नाही, शर्वरी. मोठ्या माद्या जमतात तेवढा तुकडा राखला, तरी तो बाकीच्या पाण्याला पिल्लं पुरवतो. आणखी काही वर्षांनी शेजारच्या बेटांवरही मासे दिसतील. राहुई उठल्यावर राखायला मी हीच जागा सुचवणार होतो."

"मग सांगा ना त्यांना!"

"सांगेन कधीतरी. आज नको. आज ती आरीची आहे."

होड्या गेल्या आणि आल्या. इथली रीत अशी, की पहिला मासा सुतकातल्या घराने खायचा, मग गावाने. तेहानीच्या घरात आता खाणारी ती एकटीच. माहिना आजींनी मासा लिंबाच्या रसात आणि नारळाच्या दुधात कालवून केळीच्या पानावर तिच्यापुढे ठेवला. तिने घास उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग इकडेतिकडे बघत मला शोधलं आणि चटईवर सरकून जागा केली.

"तू पण बस," ती म्हणाली. "आज तू माझ्या घरची."