पाच मिनिटांनी पुन्हा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी मनाचं काही घालत नाही. गेल्या मार्चमधली संध्याकाळ. बोरीवली पूर्वेची आमची वन रूम किचन. घरात मी एकटा.

माझी बायको अनुपमा डिसेंबरात गेली.

मी लिफ्टचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करायचो. रिटायर झाल्यावर घरासाठी एक डबा बनवला. आत छोटी चिप, वर बझर आणि तो बंद करायला एक बटण. चिपमधला खरा टायमर मी एकच वापरला. तो फक्त ठोके देतो. बाकीचे टायमर नुसते प्रोग्राममधले, त्याच ठोक्यांवर मोजणारे. एक पाणी येण्याच्या वेळेचा. एक माझ्या बीपीच्या गोळीचा.

आणि एक अनुपमाने करून घेतलेला.

मी बझर बंद करून गोळी विसरायचो. मग ती ओट्यावरच्या डब्यापाशी जाऊन तेच बटण अंगठ्याने दाबून धरायची, की तिचा टायमर सुरू. पाच मिनिटांनी पुन्हा पीप.

"बटण दाबलंत, झालं? गोळी कोण गिळणार, मी?"

ती गेल्यावर तिचा टायमर मी प्रोग्राममधून काढून टाकला. दाबून धरणारं कोणी उरलं नव्हतं.

गोळीही सोडली. कोणासाठी घ्यायची?

त्या संध्याकाळी मुलीचा, अक्षताचा, सांताक्रूझहून फोन आला.

"बाबा, गोळी घेतोयस ना?"

"घेतो गं."

"आईची शप्पथ?"

"अगं, घेतो म्हटलं ना! ठेव आता."

फोन ठेवला आणि गोळीचा बझर वाजला. बटण दाबलं. बाहेर खुर्चीत येऊन बसलो.

थोडा वेळ गेला...

पीप.

उठून बंद केला. परत बसलो.

पुन्हा तेवढाच वेळ...

पीप.

लॅपटॉप उघडला. प्रोग्राम वरपासून खालपर्यंत पाहिला. तिचा टायमर कुठेच नव्हता. तरी प्रोग्राम नव्याने चिपमध्ये भरला.

पीप.

आता मात्र प्लगच काढला. डब्यात बॅटरी नाही. ठोके बंद, म्हणजे सगळे टायमर बंद.

शांत झालं. शेजारी कुकरची शिट्टी झाली. मग तीही नाही.

आणि किचनमधून...

टक.

दिवा लावला. ओट्यावर डबा. वायर खाली लोंबत होती.

बटण आत गेलेलं होतं.

अडकलं असेल म्हणून नखाने उचकटून पाहिलं. अडकलेलं बटण हाताला कळतं, जन्म गेलाय त्यात. हे अडकलेलं नव्हतं. खालून स्प्रिंग ढकलत होती...

वरून कोणीतरी.

"अनू?"



गोळी काढली. पाण्याबरोबर गिळली.

टक.

बटण वर आलं.

त्या दिवसापासून गोळी चुकवलेली नाही. अक्षता म्हणते, "बाबा, सुधारलास रे!" हे तिला सांगितलेलं नाही.

डबा तिथेच आहे, प्लग काढलेला. त्यातून पुन्हा आवाज आला नाही. भीती अजून वाटते. तरी रोज संध्याकाळी वाटतं, आज चुकवून बघावी.

मग गोळी हातात घेऊन मी ओट्यापाशी उभा राहतो, बटणाकडे बघत.