सायलसची गैरहजेरी

एलिनॉरबाई वारल्या.

वरील वाक्य रद्द समजावे. बाई अजून रुग्णालयात होत्या, शुद्धीवर होत्या, आणि त्यांच्यासाठी मूठभर माती आणायला प्रल्हादकाका अमेरिकेतल्या ॲडिरॉन्डॅकच्या जंगलात शिरले होते. काका नागपूरच्या जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. रजेचे अर्ज तपासण्यात हयात गेली. आता मुलीकडे, रेणूकडे, सहा महिने आले होते. शेजारच्या एलिनॉरबाई भराभर बोलायच्या आणि काकांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे दोघांचं छान जमलं.

बाईंच्या घराण्याला अडीचशे वर्षांचं दुखणं होतं. अमेरिका इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठली तेव्हा घरातला थोरला भाऊ एमॉस राजाशी एकनिष्ठ राहिला, धाकटा सायलस बंडाच्या सैन्यात गेला. एमॉस कॅनडाकडे पळताना जंगलात मेला. बापाने घरच्या बायबलमधून त्याचं नाव खोडलं. सायलसच्या नावापुढे सैन्याच्या १७७७ सालच्या हजेरीपटात एवढंच होतं, 'पळून गेला'. बाईंना डोळे मिटायच्या आत एमॉस घरच्या दफनभूमीत हवा होता. निदान मूठभर.

वाट दाखवायला रेणूची मैत्रीण अनिका होती. इथेच जन्मलेली, जुनी थडगी शोधणं हेच तिचं काम. दोन दिवस देवदारांच्या ओल्या अंधारातून, डासांना रक्तदान करत तिघं चालली. मग दलदल आली. पलीकडच्या टेकाडावर एमॉसचं थडगं, आणि मध्ये बीव्हर नावाच्या पाणप्राण्यांनी काटक्यांचा बांधलेला बांध.

"काका, स्लोली. फक्त मी पाय ठेवते तिथेच," अनिका म्हणाली.

काकांनी तिथेच ठेवला. फांदी मोडली! काका छातीपर्यंत चिखलात! रेणू आडवी पडली. पिशवीचा पट्टा फेकला. ओढ! अजून ओढ! चिखलाने काका सोडले, चष्मा ठेवून घेतला.

टेकाडाशी पोचल्यावर काकांनी बूट काढले. समाधीवर बूट घालून कसं जायचं? रेणूने मुकाट काढले. अनिकानेही काढले. सहा बूट काठावरच्या ओंडक्यावर नीट जोडीने ठेवले. तो ओंडका नुसताच तरंगत होता, हे पाच मिनिटांनी कळलं.

पण तेव्हा बुटांकडे कोण बघतंय? अनिका दगडावरचं शेवाळ खरवडत होती. अक्षरं ओबडधोबड होती. तिने वाचून दाखवलं.

"एमॉस. आणि त्याला घरी न्यायला आलेला सायलस."

माती एकच होती. रेणूने पिशवी उघडली. काकांनी ती हळूच मिटली.

"राहू दे, बाळा. कोण कुठला, कसं निवडणार? आणि एकट्याला नेलं तर दुसरा पुन्हा शोधत निघेल."

परतीला तिघांनी मोज्यांवर चिकटपट्टी गुंडाळली. काका लंगडत, बाईंना काय सांगायचं ते इंग्रजीत घोकत होते. रस्ता लागला, फोनला रेंज आली, रुग्णालयाचा निरोप आला. बाई सकाळीच गेल्या होत्या. काका तरीही घोकलेलं वाक्य शेवटपर्यंत बोलले, रस्त्याकडे बघून.

घरी आल्यावर त्यांनी कोरा कागद मागितला.

"प्रति, अभिलेख विभाग, अमेरिकेचे सैन्य.
विषय: सन १७७७ पासूनची गैरहजेरी नियमित करणेबाबत.
महोदय, सैनिक सायलस हा पळून गेला नसून भावास आणण्यास गेला होता. सबब त्याची रजा कौटुंबिक कारणास्तव मंजूर करावी; व तो अद्याप भावाजवळच असल्याने सदर रजा पुढील आदेशापर्यंत वाढवून मिळावी, ही विनंती."