भंवरलालच्या वखारीतला भोंगा

भंवरलाल भंगारवाल्यानं लिलावात घेतलेली निजामाच्या वेळची जुनी प्रवासी मोटार त्याच्या वखारीत उभी होती. एका रात्रीत तिचा रबरी भोंगा नाहीसा झाला.

जालन्याच्या रणरणत्या उन्हात एका भोंग्यासाठी वणवण करायची म्हणून पोलीस जमादार नरहर आधीच वैतागला होता. वखारीचं कुलूप शाबूत. मोटारीचे पितळी दिवे जागच्या जागी.

"भोंगा होता कशावरून?"

"संध्याकाळी मी स्वतः वाजवून पाह्यला, मंग कुलूप लावलं," भंवरलाल म्हणाला. "हे काम धर्मराज डायवरचं. गाडी सोपवताना रडून राह्यलता. दुसरी किल्ली केली असंल त्यानं."

"तुमची किल्ली?"

"घरात, खुंटीला."

नरहरनं पाणी मागितलं. भंवरलालनं स्वतःच तांब्या आणला. "बायको पहाटेच्या मोटारीनं बदनापूरला गेली, माहेरी."

तक्रार डेपोत पोचली होती. धर्मराजला नव्या गाडीवरून उतरवून घरी बसवलं होतं.

"रडलास कशाला?" नरहरनं त्याला घरी गाठून दरडावलं.

"उमर गेली त्या गाडीवर, साहेब. पण आठवणीला मला हे बस्स." त्यानं जुन्या पासांची चवड पुढं केली. "पासवाल्यांनी देऊन टाकले. बदनापूरला जाणाऱ्या एका बाईनं तेवढा दिला न्हाई. नवी गाडी आल्यापासून विचारून राह्यलीय, हिला तसला भोंगा का न्हाई."

"कोण बाई?"

"घुंगट असतो. निजामाच्या वेळच्या पासावर नाव उर्दूत. मला वाचता येत न्हाई."

नरहर चिडून बाहेर पडला. पुन्हा शून्य. चौकापर्यंत गेला आणि थबकला.

संध्याकाळी तो धर्मराजला घेऊन भंवरलालच्या ओसरीवर आला. भंवरलालची बायको इचरजबाई माहेराहून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी घुंगटाआडून पाण्याचं विचारलं, तसा धर्मराजनं आवाज ओळखला: पासवाली बाई हीच.

"शेठ, चोराला पैसा हवा असता तर दिवे गेले असते," नरहर म्हणाला. "त्याला आवाज हवा होता. कुलूप तुटलं नाही, म्हणजे किल्ली लागली. ती तुमच्या खुंटीला. त्या आवाजाची चौकशी एकीनंच केली आणि भोंगा गेला त्याच पहाटे ती बदनापूरला गेली."

भंवरलाल बायकोकडं बघतच राहिला.

"मीच काढला," इचरजबाई म्हणाल्या. "मायला दिसत न्हाई. मोटार वाजली की ती भिंत धरत दाराशी येऊन उभी राहायची. नवी गाडी आली तशी ती उठंनाशी झाली. म्हणते, माझी मोटार आलीच न्हाई. आज दाराशी जाऊन वाजवला. आली."

"मला सांगायचं," भंवरलाल पुटपुटला. "मी न्हाई म्हटलं असतं का?"

"काय सांगू? लग्नानंतर एकदा तरी बदनापूरला आलात?"

त्यानं पगडी काढून मांडीवर ठेवली.

"तक्रार मागं घ्या," नरहर म्हणाला. "आणि डेपोत तुम्ही स्वतः चला. या माणसाची गाडी सकाळी सुटायचीय."

भंवरलाल चपला शोधू लागला.