खुर्चीपाशी थांबणारे पाहुणे

ही घटना रात्रीची नाही.

आधीच सांगून टाकते. वीज गेलेली, बाहेर कुत्री रडतायत, असलं यात काही नाही. भर दुपार होती. पडदे उघडे होते. खोलीत लख्ख ऊन होतं.

आणि ती खरी आहे. मी ज्यांच्याकडून ऐकली, त्या दोघांनाही खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. उलट, सांगताना दोघांचेही आवाज खाली जात होते.

दोघं म्हणजे माझी मावसबहीण आणि तिचे वडील. मी त्यांना ताई आणि काका म्हणते.

ताईचं काम म्हणजे नवीन व्हिडिओ गेम बाजारात यायच्या आधी ते खेळून बघायचे आणि चुका शोधायच्या. ऐकायला चैन वाटते. प्रत्यक्षात, गेममधलं एकच दार दिवसभर उघडत बसायचं, कधीतरी ते अडकतं का ते बघायला. चूक सापडली की ती पुन्हा घडवून दाखवावी लागते. पुन्हा घडली नाही, तर प्रोग्रामर म्हणतो, "मॅडम, भास झाला असेल."

त्यामुळे ताईला भास होत नाहीत. तिला ते परवडतच नाहीत.

मावशी जाऊन वर्ष होत आलं होतं. काका घरात एकटेच. जन्मभर त्यांनी शहरात बस चालवली. मोठे बडबडे, येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेणारे. पण शेवटचा माणूस बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, एवढी एक शिस्त कडक. मावशी गेली आणि ती सगळी बडबड आटली.

"जेवलात का बाबा?"

"हो."

"काय जेवलात?"

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज.

अशा दोन-चार फोननंतर ताईने बॅग भरली, लॅपटॉप घेतला आणि घरूनच काम करते असं ऑफिसला कळवून काकांकडे राहायला आली. काका निम्मे झाले होते. शर्ट हँगरवर अडकवल्यासारखा लोंबत होता. डॉक्टर म्हणाले, औषध काही नाही. माणसं हवीत घरात.

माणसं कुठून आणणार?

पण ताईच्या बॅगेत एक नवीन गेम होता. त्याचं नाव 'घरभर'.

टीव्हीवर एक छोटा कॅमेरा बसवायचा. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठिपके खोलीभर टाकतो. ते कशावर तरी आपटून परत येतात. परत यायला किती वेळ लागला, त्यावरून कॅमेऱ्याला कळतं की काय कुठे आहे. मग टीव्हीत तुमचीच खोली उभी राहते. तुमचा सोफा, तुमचं टेबल, सोफ्यावर बसलेले तुम्ही. आणि दारातून पाहुणे येतात. गेममधले. टोपीवाला कॅप्टन, छत्रीवाल्या बाई. ते रिकामी जागा शोधून बसतात, गप्पा मारतात, कोडी घालतात. हातात काही धरायचं नाही, बटणं दाबायची नाहीत. फक्त बोलायचं.

एकट्या माणसाचंही घर भरावं, अशी कंपनीची जाहिरात होती.

"म्हणजे आता टीव्ही आपल्याला बघणार?" काका म्हणाले. "उलटंच झालं की सगळं."

कितीतरी दिवसांनी त्यांनी केलेला तो पहिला विनोद. ताई मनात म्हणाली, चला, पैसे वसूल.

पहिल्याच दुपारी कॅप्टन दारातून आला. टीव्हीतल्या खोलीत इकडेतिकडे बघितलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे निघाला.

ती मावशीची खुर्ची.

मावशी बुटकी होती. त्या खुर्चीत बसली की तिचे पाय टेकायचे नाहीत, लहान मुलीसारखे हलत राहायचे. "हिचं अर्धंच तिकीट काढायचं," म्हणून काका चिडवायचे. मग त्यांनीच तिच्या पायांखाली एक ठेंगणं स्टूल आणून ठेवलं. ते अजून तिथेच होतं.

कॅप्टन खुर्चीपाशी पोचला...

आणि थांबला.

किंचित वाकला. टोपीला हात लावला.

"माफ करा," तो म्हणाला, आणि वळून सोफ्यावर जाऊन बसला.

ताईने टीव्हीवरची नजर काढून खऱ्या खुर्चीकडे बघितलं.

खुर्ची रिकामी होती.

थोड्या वेळाने छत्रीवाल्या बाई आल्या. त्याही खुर्चीकडे गेल्या, त्याही थांबल्या. "अगंबाई, माफ करा हं."

ताईला आधी आनंदच झाला. चूक सापडली होती! कॅमेऱ्याला तिथे काहीतरी दिसत होतं. खिडकीची काच चमकत असेल. तिने पडदा ओढला. खुर्चीवरची उशी काढली. कॅमेरा पुसला, टीव्हीच्या दुसऱ्या कोपऱ्यावर लावला. प्रत्येक वेळी पाहुणे खुर्चीकडे जात.

थांबत.

माफी मागत.

चूक पुन्हा घडत होती. फक्त कारण सापडत नव्हतं.

आणि काका? काका खुलले होते. दुपार झाली की दाढी करून सोफ्यावर हजर. कॅप्टनला म्हणायचे, "या, या. मागे जागा आहे, पुढे सरका." छत्रीवाल्या बाईंना विचारायचे, छत्री मिटवता की दारातच अडकवू? दोन्ही वेळा जेवायला लागले. भांडी घासताना शीळ घालायला लागले. पाहुणा खुर्चीपाशी थांबून वाकला, की काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं. ते हसायचे नाहीत. पण आश्वस्त व्हायचे.

ताईला वाटलं, त्यामागचं कारण आपल्याला कळलंय.

"बाबा," तिने एकदा हळूच विचारलं, "आई असेल का हो?"

काका खिडकीबाहेर बघत राहिले.

"तुझा कॅमेरा काय म्हणतो?"

"कॅमेऱ्याला नाव कळत नाही. कुणीतरी बसलंय एवढंच कळतं."

"मग झालं तर," काका म्हणाले.

त्याच दुपारी टीव्हीच्या पडद्यावर पाटी आली.

'नवीन खेळाडू दिसतोय. खेळात घ्यायचं?'

खाली दोन उत्तरं. हो. नाही.

आपण असतो तर टीव्ही बंद करून घराबाहेर पळालो असतो. पण ताईचं काम वेगळं. तिच्या कामात समोर आलेलं प्रत्येक उत्तर एकदा देऊन बघायचं असतं. एकच उत्तर तपासलं तर काम अर्धं राहतं. तिने "नाही" म्हटलं. पाटी गेली, आणि लगेच परत आली. तिने तेही नोंदवलं.

मग सवयीने ती म्हणाली...

"हो."

घंटा वाजली. 'स्वागत आहे!'

कॅप्टनने कोडं घातलं. काकांची पाळी झाली. ताईची झाली. मग कॅप्टन खुर्चीकडे वळला आणि हनुवटीवर हात ठेवून वाट बघू लागला.

खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी असते. कुणी बोललं की ती हलते.

ती हलली.

कॅप्टनने मान डोलावली. "वा! अगदी बरोबर."

ताईच्या कानांना काहीही ऐकू आलं नव्हतं.

त्यानंतर तिने ते केलं, जे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. काका झोपायच्या खोलीत पडले होते. तपासणाऱ्यांसाठी गेममध्ये एक वेगळं दृश्य असतं. त्यात रंग, चित्रं काही नसतं. कॅमेऱ्याला खरोखर जे दिसतं तेवढंच दिसतं, माणसांच्या जागी राखाडी पुतळे. पुतळ्यांना चेहरा नसतो. फक्त कपाळातून एक बारीक रेघ निघते, माणूस कुठे बघतोय ते कळायला.

ताईने ते दृश्य उघडलं.

सोफ्यावर तिचा स्वतःचा पुतळा होता.

खुर्चीत दुसरा.

ताईचे डोळे भरून आले. ती उठून टीव्हीजवळ गेली. "आई," असं म्हणणारच होती...

तेवढ्यात तिचं लक्ष पायांकडे गेलं.

पाय टेकलेले होते.

स्टुलावर नाही. स्टुलाच्या पार पुढे, जमिनीवर, सपाट. गुडघे दुमडून पोटापर्यंत वर आलेले. मोठ्या माणसाला बालवाडीच्या बाकावर बसवावं तसे. डोकं खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत पोचलेलं. तेही मान वाकवलेली असताना.

बसलेलं असूनही.

आणि कपाळातली ती रेघ ताईकडे नव्हती. ती खोलीच्या दारातून बाहेर, काका झोपले होते तिकडे गेली होती.

ताईने बाल्कनीत जाऊन प्रोग्रामरला फोन लावला.

"एक खेळाडू काढायचाय."

"काढता येत नाही, मॅडम. भावंडं एकमेकांना काढून टाकत होती, रडारड व्हायची. म्हणून नियमच केला. ज्याला जायचंय त्यानेच कॅमेऱ्यासमोर येऊन हात वर करायचा."

"आणि तो आला नाही तर?"

"तर गेममधलं अख्खं घर पुसून टाका. सगळं जाईल मग. का, कोण एवढं चिकटून बसलंय?"

ताईने फोन ठेवला.

घर पुसायचं म्हणजे कॅप्टन काकांना विसरणार, छत्रीवाल्या बाई विसरणार. काकांची दाढी, दोन वेळचं जेवण, शीळ... सगळं जाणार. पण ती रेघ तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

काका उठल्यावर ती त्यांच्याजवळ बसली.

"बाबा, तुम्हाला वाईट वाटेल. पण ती आई नाही."

"माहीत आहे मला," काका म्हणाले.

ताईला आधी कळलंच नाही.

"अगं, हा पोरखेळ आणायच्या कितीतरी आधीपासून बसतंय ते तिथे. स्टूल रोज सकाळी पुढे ढकललेलं असायचं. तुझ्या आईचे पाय स्टुलापर्यंत जेमतेम पोचायचे. ती कशाला ढकलेल?"

"आणि तुम्ही इथे एकटे राहत होता? घास उतरत नव्हता तुमच्या घशाखाली, ते यामुळे?"

"आधी यामुळेच. मग तुझा तो कॅप्टन आला. त्यालाही कळतंय म्हटल्यावर मला जरा धीर आला. चला, वेड लागलेलं नाही आपल्याला." काकांनी तिचा हात घट्ट धरला. "तू त्याला उठवू नकोस. बसलंय तोवर बरं आहे."

"म्हणजे?"

"पाय स्टुलाच्याही पुढे जातात, म्हणजे बसूनच केवढं असेल बघ. मग उभं राहिलं तर..."

ताई ताडकन उठली.

कारण तिने घर आधीच पुसलं होतं. काका झोपेत असतानाच. ते 'नको' म्हणतील म्हणून.

दोघं बाहेरच्या खोलीत आले. ऊन तसंच होतं. ताईने गेम नव्याने सुरू केला. कॅमेऱ्याने खोली मोजली. टीव्हीत सोफा आला, टेबल आलं, खुर्ची आली. कॅप्टन दारातून आत आला, खुर्चीकडे गेला...

आणि आरामात बसला.

"रिकामी आहे," ताईने श्वास सोडला. "बाबा, गेलं ते. रिकामी आहे!"

बसच्या आरशात बघावं तसे काका टीव्हीतल्या खोलीचे कोपरे बघत होते.

"अगं," ते हळूच म्हणाले, "पण मग उठून गेलं कुठे?"

छत्रीवाल्या बाई आल्या. दारातून दोन पावलं आत टाकली आणि सोफ्याकडे वळल्या. सोफ्यासमोर ताई आणि काका उभे होते.

बाई त्यांच्यापाशी पोचायच्या आधीच थांबल्या.

छत्री मिटवली.

मग त्यांनी मान वर केली. ताईकडे नाही. काकांकडेही नाही. दोघांच्या डोक्यावरून मागे, अजून वर... पार छतापर्यंत.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या.

दोघांनी मागे वळून बघितलं नाही. अजूनही ताई सांगते, तेवढी एकच शहाणपणाची गोष्ट केली. कपडे घ्यायला कपाटसुद्धा न उघडता ते घराबाहेर पडले.

ताईने गेम तपासण्याचं काम सोडलं. काका आता तिच्याकडेच राहतात. दुसरं घर, नवीन भिंती. त्या घरात टीव्ही नाही. 'घरभर' मात्र बाजारात आला आणि लोकांना आवडतोय म्हणे.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. काकांची तब्येत सुधारलीय, फिरकीही घेतात. जेवायच्या टेबलाभोवती तीन खुर्च्या होत्या. दोघांच्या घरात तीन. मी तिसरी ओढली.

"तिथे नको!" दोघं एकदम म्हणाले.

मग काका उठले. ती खुर्ची त्यांनी टेबलापासून नीट लांब सरकवली. खूप लांब. गुडघे मावतील एवढी.

"बसलेलं बरं असतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी विज्ञान शिकले आहे. प्रकाश परत येतो म्हणजे तो कशावर तरी आपटूनच येतो, एवढं मला समजतं. त्यापुढचं समजत नाही.

पण निघताना त्या खुर्चीच्या बाजूने जावं लागलं, तेव्हा मी अंग चोरलं. आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं...

"माफ करा."