चार कांदे आणि एक श्वास

मेलबर्नचा पाऊस विचारून येत नाही. त्या सकाळी तो डार्सीला नखशिखांत भिजवून माझ्या दारात सोडून गेला.

मी तेव्हा ब्रन्सविकच्या एका दवाखान्यात श्वास तपासायचे. पोटातल्या जंतूंना खाऊ मिळाला की ते वायू सोडतात, तो श्वासात उतरतो. म्हणून आदल्या दिवशी फक्त भात आणि कोंबडी. सकाळी उपाशीपोटी पहिली फुंकर, मग गोड पाणी, आणि तीन तास पिशव्या फुगवत बसायचं. पहिल्याच फुंकरीचा आकडा विसाच्या वर गेला, तर घरी पाठवायचं.

पोटदुखीचं मूळ शोधायला आलेल्या डार्सीची आली बावन्न.

"काल काय खाल्लंत?"

"भात... कोंबडी..."

"आणि?"

"शाळेच्या मदतीसाठी मैदानावर लोक सॉसेज भाजत होते हो. पावात, वर परतलेला कांदा. नाही कसं म्हणणार?"

मला हसू आवरेना. पंधरा दिवसांनी आला, तर एकसष्ट! तरी स्वारी खुशीत. तो लोकरीची प्रतवारी करायचा. जाता जाता माझ्या स्वेटरची बाही चिमटीत धरून म्हणाला, "मेरिनो... पण धुताना फार छळलंय तुम्ही हिला." माझे कान तापले.

तिसऱ्या खेपेआधी डॉक्टरांनी बजावलं, "रेनाटा, पुन्हा जास्त आली तर त्याचं नाव काढून टाक." आणि कमी आली तर तपासणी पुरी, मग तो कशाला येतोय? दोन्हीकडून तो मला दुरावणारच होता. आकडा मी दोनदा वाचला.

तीन.

"आज पथ्य पाळलंत!" मी उगाचच फणकारले.

"मागच्या वेळी मुद्दाम मोडलं होतं... परत यायला मिळावं म्हणून. चार कांदे खाल्ले."

"चार?"

"एकात भागेल की नाही, कळेना."

"मग आज का नाही खाल्ले?"

"आज खरं बोलायचं ठरवलं होतं." तो पिशवीशी चाळा करत राहिला. "रेनाटा... तू मला आवडतेस. उद्या माझ्याबरोबर जेवायला येशील?"

मी त्याला तीन तास पिशव्या फुगवायला लावल्या. शेवटच्या पिशवीवर त्याच्या नावाखाली लिहिलं – हो.

गोड पाण्याने त्याचा आकडा हललाच नाही, म्हणजे दोष साखरेचा नव्हता. दुखण्याचं मूळ कांदा आहे, हे पुढे कळलं. त्या चार कांद्यांनी तो रात्रभर तळमळला होता, आणि सकाळी हसत माझ्यापुढे बसला होता.

एकवीस वर्षं झाली. माझी इटालियन आई अजून कुरकुरते, "कांद्याशिवाय कसला गं सॉस?"

मी म्हणते, "मम्मा, आमच्या दोघांच्या वाट्याचा कांदा त्याने तेव्हाच खाऊन संपवलाय."