गळ्याचं माप

प्रयोगशाळेच्या दाराची कडी आणि तिच्या कोटाची बाही यांचं सहा वर्षांचं वैर त्या संध्याकाळी एकदाचं मिटलं. बाही टर्रकन फाटली. बाहेर झोंबरा वारा, आणि अशा अवतारात घरी गेलं की ताईची बोलणी ठरलेली. म्हणून नववीला विज्ञान शिकवणारी आपली नायिका सरळ रस्ता ओलांडून समोरच्या शिंप्याच्या दुकानात शिरली.

सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. ती मनात म्हातारा, चष्म्यातला मास्तर धरून आत गेली, आणि समोर उभा राहिला तिच्याच वयाचा, दातात दोन टाचण्या धरलेला एक उंच माणूस.

त्यानं टाचण्या काढल्या. बाही उलटसुलट करून पाहिली.

"बाई, खोटं नाही बोलत, हा कोट आता रफूला दाद देणार नाही. नवा शिवू या. बंद गळ्याचा. तुम्हाला छान दिसेल."

"इतक्यात कसं ठरवलंत? नीट बघितलंतही नाही."

"बघितलं की," तो म्हणाला... आणि कान लाल करून टेप शोधू लागला. टेप त्याच्याच खांद्यावर होती.

छाती, कंबर, बाही – आणि शेवटी गळा. गळ्याचं माप घेताना तो टेपच्या आत स्वतःची दोन बोटं ठेवायचा, श्वासाला जागा राहावी म्हणून. त्या दोन बोटांचं टोक तिच्या मानेला जेमतेम लागलं, आणि तिचं काळीज असं धडधडायला लागलं की वाटलं, याला ऐकू जाणार!

"तेरा," त्यानं वहीत लिहिलं. "लग्नाचा हंगाम आहे, ट्रायलला दीड महिना लागेल."

दीड महिना वाट बघेल ती बाई कसली! एकदा ती बटणं दाखवायला गेली. एकदा अस्तराचा रंग बदलायला, आणि आठवड्यानं तोच रंग पुन्हा पहिल्यासारखा करायला.

"हे शेवटचं ना, बाई?"

"का? कंटाळलात?"

"नाही... शेवटचं असेल तर अजून एखादा रंग सुचवावा म्हणतो."

घरी तिची झोप उडाली. फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा. भर थंडीत घाम फुटायचा, खाल्लेलं कुठे जायचं कळायचं नाही, आणि तरी ती वाळत चालली होती. ताईनं एका सकाळी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"प्रेमात पडलीयेस तू. माझ्यापासून लपवतेस होय गं?"

ती नुसती हसली. नाकारावं असं त्यात होतं तरी काय?

ट्रायलचा दिवस उजाडला. करड्या लोकरीचा कोट सुरेख झाला होता – अंगात चढेपर्यंत. कंबरेत ढगळ, आणि गळ्याचं बटण काही केल्या लागेना. मास्तरचा चेहरा पडला. त्यानं पुन्हा माप घेतलं. वही उघडली. पुन्हा माप घेतलं.

"कंबर दोन इंचांनी उतरलीये," तो हळू आवाजात म्हणाला, "आणि गळा पाऊण इंच वाढलाय."

"चुकलं असेल पहिलं माप."

"माझं माप चुकत नाही, बाई." त्यानं टेप गुंडाळली, उलगडली. "राग मानू नका, एक बोलू?"

ती मनात म्हणाली, बोला की एकदाचं...

"माणूस बारीक झाला की गळाही उतरतो. तुमचं उलटं झालंय. हे काही बरं लक्षण नाही. डॉक्टरकडे जाऊन या... उद्याच जा."

एवढंच? ती तरातरा घरी आली. आरशासमोर उभी राहिली आणि रागारागानं पेलाभर पाणी प्यायली. घोटाबरोबर गळ्याच्या खालच्या भागातला एक मऊ फुगवटा वर सरकला नि खाली आला. तिनं पेला खाली ठेवला. दरवर्षी फळ्यावर ती हेच चित्र काढायची! गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी. शरीराचा वेग तिच्या हातात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी दुसरी ग्रंथी तिच्यावर मुकादम. मुकादमानं पुरे म्हटलं की हिनं हात आखडायचा. आणि ऐकेनाशी झाली तर? तर हृदय पळतं, हात थरथरतात, झोप उडते, वजन उतरतं. वर्गात हे सगळं तिनं बोटांवर मोजून दाखवलं होतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून तेच सांगितलं. गोळ्या वर्ष-दीड वर्ष चालतील, पण दोन-तीन महिन्यांत आराम पडेल.

"धडधड जाईल?" तिनं विचारलं.

"धडधड, घाम, थरथर – सगळं जाईल. घाबरू नका."

आणि ती नेमकी त्यालाच घाबरली. जिला ती इतके दिवस प्रेम समजत होती ती धडधड डॉक्टरांच्या कागदावर पहिल्या ओळीत होती.

दुकानात ती सांगायला गेली, तेव्हा तो इतका सुटकेचा श्वास टाकून हसला की तिला रडूच आलं.

"बरं होणार म्हणालेत ना? मग झालं तर. बाई, मी किती दिवस एक विचारीन विचारीन म्हणतोय –"

"नको!" ती जवळजवळ ओरडली. "आत्ता नका विचारू. मला इथे आल्यावर जे होतं ना... ते माझं आहे की त्या ग्रंथीचं, तेच मला माहीत नाही. आज हो म्हटलं आणि तीन महिन्यांनी सगळं ओसरलं तर? तुमच्यासमोर कुठल्या तोंडानं येऊ?"

त्यानं कात्रीची धार अंगठ्यानं चाचपली.

"तीन महिने," तो म्हणाला. "ओसरलं तर तसं सांगायला या. पण याच. न सांगता गायब नका होऊ."

तिनं मान डोलावली.

मग ती शाळेच्या मागच्या फाटकानं जाऊ लागली. गोळ्यांनी आपलं काम चोख केलं. नाडी एकशे दहावरून पंच्याण्णववर आली, मग चौऱ्याऐंशीवर. ताई दर वेळी खूश व्हायची. हिचा मात्र दर आकड्यागणिक जीव खाली-वर. झोप लागायला लागली. अंगावर मूठभर मांस चढलं. खडूचं अक्षर सरळ झालं. थंडी सरली, आणि डॉक्टर म्हणाले, "आता सगळं जागेवर आहे."

त्याच संध्याकाळी ती रस्ता ओलांडून पायरी चढली. तो मशीनवर वाकला होता. त्यानं वर पाहिलं... आणि तिच्या आत काहीच उसळलं नाही. तिनं घाबरून स्वतःचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजले.

"किती?" त्यानं विचारलं.

"बहात्तर."

"छान झालं," तो म्हणाला, पण आवाज पार विझला होता. "शिवून ठेवतो मग कोट. पुढच्या थंडीला होईल तुम्हाला." तो कोट काढायला वळला.

ती मात्र हलली नाही. मशीनशेजारच्या स्टुलावर बसली. कापडाचा, तेलाचा, गरम इस्त्रीचा वास. इथून उठूच नये असं तिला वाटलं. कसलीही घाई नव्हती, भीती नव्हती. हे पूर्वी कधी वाटलं नव्हतं. पूर्वी तिला स्वतःच्या धडधडीपुढे दुसरं काही कळतच नव्हतं.

"ओसरलं ते ग्रंथीचं होतं," ती सावकाश म्हणाली. "उरलंय ते माझं आहे. मला रोज संध्याकाळी इथे येऊन बसायचंय. जन्मभर. आता विचारा."

कोट त्याच्या हातातून खाली पडला. तो उचलायला वाकला, तशी तिनं त्याचं मनगट पकडलं आणि शिक्षिकेच्या शिस्तीत मोजलं.

"एकशे अठरा!" ती डोळे मोठे करून म्हणाली. "मास्तर, तुम्हाला आधी डॉक्टरकडे न्यायला हवं."

"जाऊन आलो." त्यानं दुसऱ्या हातानं मशीनचा खण ओढला आणि घडी घातलेला कागद तिच्यापुढे धरला. त्यावर तारीख होती तीन महिन्यांपूर्वीची, ती निघून गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. "तुम्ही म्हणालात, आधी खात्री करावी. म्हणून मीही रक्त देऊन आलो. बघा ना... माझ्या ग्रंथी अगदी ठीक आहेत."